पालकांच्या आधाराचा पैसा वळवता येऊ नये

बिस्किटांचा डबा मुलाच्या हातात द्यायचा, पण झाकण घट्ट लावून. तो माझ्याकडे बघेल. लगेच उघडायचं नाही. मनातल्या मनात पाच आकडे मोजायचे, मग त्याच्या डोळ्यांसमोर तोंड आणून 'उघड' म्हणायचं आणि झाकण काढायचं.

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना मला हे शिकवलं गेलं, आमच्या जिल्हा रुग्णालयातल्या एका खोलीत. खाली पिवळी सतरंजी, भिंतीवर आडवा लावलेला आरसा, प्लॅस्टिकच्या बादलीत रंगीत चेंडू. मुलगा तोवर एकही शब्द बोलला नव्हता. काही हवं असलं की माझं मनगट धरून फळीपाशी ओढत न्यायचा आणि मी मुकाट डबा काढून द्यायचे. त्याला काय हवंय हे मला न सांगता कळतं, याचा मला अभिमान होता. स्पीच थेरपिस्ट मॅडमनी तेच पकडलं. "ताई, तुम्ही फार लवकर ओळखता. त्याला बोलायची गरजच पडत नाही," असं त्या म्हणाल्या. त्यात दोष देण्याचा सूर नव्हता.

पहिले तीन आठवडे तो झाकणावर डोकं आपटायचा. घरात सासूबाई कळवळायच्या. "पोराला कशाला रडवतीस गं? त्याचा चुलता बी उशिराच बोलला." पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी त्याने डब्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ओठांचा चंबू करून 'उ' असा आवाज काढला. आज तो चौदा वर्षांचा आहे. बोलतो, भांडतो, दुकानातून सुटे पैसे मोजून आणतो. त्याला स्वमग्नता (ऑटिझम) आहे, ती राहणारच. पण त्या एका 'उ'पासून आमच्या घराची दिशा बदलली.

त्या खोलीत आम्हाला औषध मिळालं नाही. एका शिकलेल्या बाईने दर पंधरा दिवसांनी पाऊण तास माझ्यासोबत सतरंजीवर बसून मला माझ्याच मुलाची आई व्हायला शिकवलं. हे काम सरकारी पैशातून झालं आणि तसंच होत राहिलं पाहिजे. एवढंच म्हणून भागणार नाही, कारण तो पैसा आज सगळ्यांत आधी अडतो आणि सगळ्यांत शेवटी येतो. तो वळवता येणार नाही अशी सोय कायद्याने आणि अर्थसंकल्पाने केली पाहिजे.

मी तिथे जायला लागून अकरा महिने झाले होते. सकाळी सहाच्या एसटीने दोन तासांचा प्रवास करून, मुलाला कडेवर घेऊन दुसऱ्या मजल्यावर पोहोचले तर खोलीला कुलूप. शिपायाने सांगितलं, "मॅडमची ऑर्डर संपली, नवीन आली नाही अजून." पुढचे सात महिने ती आली नाही. तोवर त्या मॅडमनी दुसरीकडे नोकरी धरली होती. मी त्यांना दोष देत नाही. घर चालवायला कुणालाही पगार लागतो.

ही खोली कुठून आली ते सांगायला हवं, कारण आपल्या हक्काचं काय आहे हेच पुष्कळ पालकांना ठाऊक नसतं. २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रातून, पालघरहून झाली. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी करायची. जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता किंवा विकासातला उशीर दिसला तर मुलाला पुढे पाठवायचं. पुढे म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात. या केंद्रात बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, समाजसेवक असावेत, असं मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. योजना म्हणून मला ही देशातल्या उत्तम योजनांपैकी एक वाटते. पण यातली बरीचशी माणसं राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या करारावर असतात. केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. एका बाजूचा हप्ता लांबला की पगार लांबतो. करार अकरा महिन्यांचा, मध्ये एखाद्या दिवसाचा तांत्रिक खंड, मग पुन्हा ऑर्डर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या अभियानाच्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी समायोजनासाठी काम बंद केलं. दहा-दहा वर्षं काम करून कायम होत नाही म्हटल्यावर त्यांनी तरी काय करावं?

क्ष-किरणाच्या यंत्रावरचा तंत्रज्ञ बदलला तर यंत्र तेच राहतं. समुपदेशनात यंत्रच नाही. जे काही आहे ते त्या माणसात, आणि त्या माणसाने आपल्या कुटुंबाबद्दल वर्षभरात जे लक्षात ठेवलंय त्यात. नवीन माणूस आला की फाइल उघडतो आणि विचारतो, "मूल किती महिन्यांनी बसायला लागलं?" आईला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली की पुष्कळ आया यायच्याच थांबतात. मी तशा चार तरी बघितल्यात. बाकावर ओळख झालेल्या, पुढच्या महिन्यात भेटू म्हणणाऱ्या.

या आया तक्रार करत नाहीत, हेच या निधीचं खरं दुखणं आहे. नळाला पाणी आलं नाही तर बायका हंडे घेऊन नगरपालिकेवर जातात. रेशन दुकान बंद असलं तर गाव तहसीलदारांना निवेदन देतं. पण माझं मूल बोलत नाही, मी कंटाळून त्याला मारलं आणि नंतर मोरीत जाऊन रडले, माझा नवरा आणि मी यावरून महिनाभर एकमेकांशी बोललो नाही, ही गोष्ट फलकावर लिहून कोण मोर्चा काढणार? सेवा मिळते तेव्हा आपण ती शेजाऱ्यांना न सांगता घेतो आणि बंद पडते तेव्हाही कुणाला न सांगता घरी परततो. मंत्रालयात निधीला कात्री लावायची वेळ येते तेव्हा जिथून ओरड होणार नाही तिथे ती आधी चालते. यात कुणाचा दुष्टावा असतो असं मी म्हणत नाही. पण जे लोक स्वतःसाठी आवाज काढू शकत नाहीत त्यांच्या वाट्याचा पैसा रोजच्या ओढाताणीवर सोडता येत नाही.

हे फक्त माझ्यासारख्या विशेष मुलांच्या पालकांपुरतं नाही. १९५३ साली केंद्रीय समाज कल्याण बोर्ड स्थापन झालं, दुर्गाबाई देशमुख त्याच्या पहिल्या अध्यक्ष होत्या. या बोर्डाच्या अनुदानावर गावोगावच्या संस्था कुटुंब सल्ला केंद्रं चालवत. नवराबायकोची भांडणं, मुलांचा ताबा, दारू, सुनेला माहेरी धाडणं, सगळी प्रकरणं तिथे यायची, आणि पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी कुणीतरी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायचं. समुपदेशकाचं मानधन कधीच मोठं नव्हतं. २०२३ च्या मार्चअखेर बोर्ड बंद करण्यात आलं आणि या केंद्रांच्या पायाखालचा आधार गेला. योजनांचं सुसूत्रीकरण हे कारण कागदावर पटतंही. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आहेत, पण ती अत्याचार झाल्यावरची जागा आहे. मारहाण होण्याआधी, घर मोडण्याआधी बसायची जागा वेगळी लागते.

याउलट उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात, पण पोलीस नसलेले, प्रशिक्षित समाजकार्यकर्ते. पुढे राज्य शासनाने तो जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. एक छोटा प्रयोग सरकारने आपला मानला की चाळीस वर्षं टिकतो, हे त्यातून दिसतं.

आता इंग्लंडची गोष्ट. ती जरा सविस्तर सांगते, कारण निधीचं कुंपण, म्हणजे तो ठरलेल्या कामालाच वापरायचं बंधन, काढल्यावर काय होतं याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरीकडे सापडलेला नाही.

१९९९ पासून तिथे 'शुअर स्टार्ट' नावाची केंद्रं सुरू झाली. पाच वर्षांखालच्या मुलांच्या पालकांसाठी एकाच छताखाली आरोग्य तपासणी, खेळघर, पालकत्वाचे वर्ग, नोकरीचा सल्ला. सुरुवातीची केंद्रं गरीब वस्त्यांत होती, त्यांना भरपूर पैसा होता आणि चालवण्यात तिथल्या पालकांचाही हात होता. २०१० पर्यंत केंद्रांची संख्या साडेतीन हजारांवर गेली. २०११ पासून या पैशावरचं बंधन काढलं. स्थानिक संस्थांना सांगण्यात आलं की एकत्र रक्कम घ्या आणि तुमच्या गरजेप्रमाणे वापरा. ऐकायला हे विकेंद्रीकरण वाटतं. पण त्याच वर्षांत त्या संस्थांचं एकूण अनुदानही कमी होत होतं, त्यामुळे ज्या खर्चाला कायद्याचं संरक्षण नव्हतं तो आधी गेला. हजाराहून जास्त केंद्रं बंद पडली.

मग २०२४ मध्ये इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने त्या मुलांचा मागोवा घेतला. लहानपणी अशा केंद्राजवळ राहिलेल्या मुलांना सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत जास्त चांगल्या श्रेणी मिळाल्या होत्या, आणि हा फायदा गरीब घरांतल्या मुलांना सर्वांत जास्त झाला होता. २०२५ मध्ये त्याच संस्थेने हिशेब मांडला: सुरुवातीला घातलेल्या दर एका पौंडामागे दीर्घकाळात दोन पौंडांहून थोडा जास्त लाभ. हे आकडे हाती आले तोवर केंद्रं बंद होऊन दशक उलटलं होतं. २०२५ च्या जुलैत तिथल्या सरकारने जवळपास तशीच केंद्रं नव्या नावाने सुरू करायचं जाहीर केलं. मोडलेलं पुन्हा उभारायचं, तेही मधल्या मुलांची लहान वर्षं निघून गेल्यावर.

या अभ्यासातली एक बाब मला जास्त महत्त्वाची वाटते. फायदा दिसला तो मुख्यतः सुरुवातीच्या, पुरेसा पैसा असलेल्या केंद्रांत. नंतर घाईने वाढवलेल्या, पातळ निधीच्या केंद्रांत शिक्षणावर तसा परिणाम आढळला नाही. आपल्याकडे हे फार होतं. दारावरची पाटी राहते, उद्घाटनाचा दगड राहतो, आतली माणसं विरळ होत जातात आणि मग कुणीतरी म्हणतं, या योजनेचा उपयोगच काय?

उपयोगाबद्दल शंका घेणाऱ्यांना मी जमैकाकडे बोट दाखवते. १९८० च्या दशकात किंग्स्टनमध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढ खुंटलेली १२९ लहान मुलं निवडली. त्यांतल्या काहींच्या घरी आठवड्यातून एकदा, दोन वर्षं, स्थानिक आरोग्यसेविका जायची आणि आईला घरातल्याच वस्तूंनी बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते दाखवायची. वीस वर्षांनी तपासलं तेव्हा या मुलांची कमाई, अशी भेट न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. आणि हे करणाऱ्या बाया डॉक्टर नव्हत्या, आपल्या आशाताई किंवा अंगणवाडी ताईंसारख्याच होत्या.

एवढं लांबही जायला नको. गोव्यातल्या 'संगात' संस्थेत आणि पाकिस्तानात रावळपिंडीत एकाच वेळी एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वमग्न मुलांच्या पालकांना शिकवायचं, आणि शिकवणारे तज्ज्ञ नव्हे तर प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते. ६५ मुलं होती. आईबाप मुलाच्या कलाने प्रतिसाद द्यायला शिकले आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद साधू लागली. मी ते वाचलं तेव्हा मला माझा बिस्किटांचा डबाच आठवला. माझ्या मॅडमनी केलं ते एका चांगल्या बाईचं उपजत शहाणपण आहे असं मला तोवर वाटायचं. पण ते शिकवता येतं, मोजता येतं आणि गोव्यातल्या गावात साध्या पगाराच्या माणसाकडून करवून घेता येतं.

तेव्हा अंगणवाडीकडे बघितलंच पाहिजे. १९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली. तिच्या सहा सेवांपैकी एक आयांना पोषण आणि आरोग्याचं शिक्षण देणं ही आहे. २०२४ मध्ये केंद्राने 'नवचेतना' नावाचा आराखडा काढला: जन्मापासून तीन वर्षांपर्यंत, ३६ महिन्यांचं वेळापत्रक, आईबापांनी घरी करायच्या १४० कृती. कागद चांगला आहे. पण आमच्या गल्लीतल्या अंगणवाडी ताईंना मी रोज बघते. सकाळी खिचडी, मग मुलांची वजनं, मग पोषण ट्रॅकर या मोबाईल ॲपवर फोटो आणि नोंदी, नेटवर्क नसलं तर पुन्हा संध्याकाळी. त्यातून एखाद्या आईशेजारी बसून "बाळ बघतं तेव्हा तुम्ही काय करता?" असं विचारायला त्यांना कुठला वेळ? एका घरभेटीला अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास मानधनात धरलेला नाही.

मला नेहमी ऐकवलं जातं की पूर्वी हे सगळं घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी केलं, सरकार कशाला हवं? माझ्या सासूबाईंवरून सांगते. तिसऱ्या भेटीला केंद्रातल्या मानसशास्त्रज्ञ म्हणाल्या, "पुढच्या वेळी आजींना घेऊन या." त्या आल्या, नाक मुरडतच. मॅडमनी त्यांना आधी विचारलं, "आजी, तुमची मुलं लहान असताना तुम्ही त्यांना काय म्हणून दाखवायचात?" सासूबाई खुलल्या. दोन बडबडगीतं तिथेच म्हणून दाखवली. मॅडम म्हणाल्या, "रोज रात्री हीच म्हणा. फक्त शेवटचा शब्द म्हणू नका. थांबा, त्याच्याकडे बघा." मग माझ्याकडे हात करून आजींना म्हणाल्या, "आणि यांचं काही चुकलेलं नाही. मोबाईलमुळे नाही, यांनी नोकरी केली म्हणून नाही. हे मेंदूतच असतं." दोन वर्षांत ते वाक्य माझ्या घरातल्या कुणासमोर पहिल्यांदा मोठ्याने बोललं गेलं. येताना एसटीत सासूबाईंनी मुलाला स्वतःच्या मांडीवर घेतलं. त्यानंतर झाकणाची चिकाटी त्यांनीच माझ्यापेक्षा जास्त धरली. आजी हवीच. पण तिच्या प्रेमाला नेमकी वाट दाखवणारं कुणीतरी लागलं, आणि ते आमच्या भावकीत नव्हतं.

दुसरं ऐकवलं जातं ते फोनचं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहे आणि तो चांगला आहे. रात्री दोन वाजता जीव नकोसा झालेल्या माणसाला तो लागतो, मराठीत बोलता येतं. मी बऱ्याच आयांना तो लिहून दिलाय. पण फोनवरच्या माणसाला मी डबा किती लवकर उघडते ते दिसत नाही. शिवाय तोही निधीच्या बाबतीत सुरक्षित नाहीच: २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या कार्यक्रमाला ९० कोटी होते, पुढच्या वर्षी ८० कोटींच्याही आत.

आणि तिसरा मुद्दा, जरा नाजूक. आता बायकांच्या खात्यात थेट पैसे येतात, मग सेवा कशाला? लाडकी बहीणच्या दीड हजारांवर माझ्या ओळखीतल्या दोघींचं औषधपाणी चालतं. तो पैसा बंद व्हावा असं मी कधीच म्हणणार नाही. पण आम्ही शेजारच्या शहरात खासगी स्पीच थेरपिस्टकडे जात होतो तेव्हा पाऊण तासाला चारशे रुपये द्यायचो, आज तिथेच आठशे आहेत. महिन्याला आठ बैठका लागतात. दीड हजारात दोनही होत नाहीत, आणि तालुक्याच्या गावात पैसे असूनही थेरपिस्ट मिळत नाही. रस्ता किंवा दवाखाना जसा प्रत्येकाने आपापल्या खिशातून उभा करायचा नसतो, तसंच हे आहे. एक खोली आणि चार पगारी माणसं पूर्ण जिल्ह्याला पुरतात, जर ती तिथे असतील तर.

२०२५ च्या मे महिन्यात सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी लाडकी बहीणकडे वळवल्याबद्दल खुद्द सामाजिक न्यायमंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. ज्या खात्यांचा पैसा कोणत्या समाजासाठी आहे हे ठळक लिहिलेलं असतं, त्यांच्याबाबतीत मंत्र्याला असं बोलावं लागतं. मग आरोग्य अभियानातल्या कुठल्याशा उपशीर्षाखाली बसलेल्या आमच्या खोलीसाठी कोण बोलणार? शेत वाचवायचं असेल तर कुंपण आधी असायला हवं.

असं कुंपण घालता येतं. अनुसूचित जाती-जमातींच्या वाट्याचा निधी इतरत्र जाऊ नये म्हणून आंध्र प्रदेशाने आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये स्वतंत्र कायदे केले. त्यांतूनही पळवाटा काढल्या गेल्या, पण पळवाट काढली की विधिमंडळात उत्तर द्यावं लागतं, आणि कार्यकर्त्यांना बोट ठेवायला कलम मिळतं. आपल्या राज्यात ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांनी स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असा नियम आहे. पुष्कळ ठिकाणी तो पैसा मार्चपर्यंत पडून राहतो आणि शेवटच्या आठवड्यात एखादी वस्तू किंवा रोख रक्कम वाटून संपवला जातो. तरीही तो दरवर्षी ठेवावा लागतो. दिव्यांग संघटना हिशेब मागायला जातात तेव्हा अधिकाऱ्याला कागद काढावा लागतो. राखीव असण्याचा एवढा तरी फायदा आहे.

पालक आधार आणि समुपदेशनासाठी राज्याच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचा वेगळा रकाना, हवं. त्यातून पुनर्विनियोजन करायचं, म्हणजे पैसा दुसऱ्या कामाकडे वळवायचा झाला तर विधिमंडळाची मंजुरी लागावी. केंद्राचा हप्ता लांबला तरी राज्याने पगार आगाऊ द्यावा आणि मग वसूल करावा. हे बसवणं अवघड नाही, वर्षानुवर्षं ते इतर खात्यांत होतं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे स्पीच थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांची पदं कायम करावीत. ते होईपर्यंत निदान पाच वर्षांचा सलग करार द्यावा, म्हणजे एका मुलाचं शिशुवर्गापासून पहिली-दुसरीपर्यंतचं वय एकाच माणसाच्या डोळ्यांसमोरून जाईल. आणि प्रत्येक जिल्ह्यातल्या केंद्रात कोणतं पद कधीपासून रिकामं आहे हे दर महिन्याला रुग्णालयाच्या दारावर लावावं. आम्हाला सहाच्या एसटीत बसण्याआधी कळू द्या.

एका गोष्टीची कबुली दिलीच पाहिजे. पैसा राखला म्हणजे सेवा चांगली होईलच असं नाही. मला एक समुपदेशक असेही भेटले होते ज्यांनी मुलाकडे न बघताच सांगितलं, "आईने वेळ दिला नाही की असं होतं." त्यानंतर मी चार महिने कुठेच गेले नाही. तेव्हा निधीबरोबर या लोकांच्या प्रशिक्षणाचा खर्चही धरा, आणि केंद्राच्या समितीत दोन पालक घ्या. पालकांना विचारलं तर कोण ऐकून घेतं आणि कोण नुसती सही करतं हे ते पाच मिनिटांत सांगतील.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी तिच्या अडीच वर्षांच्या लेकीला घेऊन आली. नाव घेऊन हाक मारली तरी वळून बघत नाही, म्हणाली. सासरी कुणाला सांगितलं नव्हतं. मी तिच्यासोबत त्याच केंद्रात गेले. आता तिथे नवीन थेरपिस्ट आहेत, तरुण आहेत, जमिनीवर बसतात. त्यांनी मुलीच्या मागे जाऊन खुळखुळा वाजवून पाहिला, मग आईला आधी श्रवण तपासणीची चिठ्ठी दिली आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख. निघताना मी त्यांना कराराचं विचारलं. मार्चपर्यंत आहे, म्हणाल्या.

परवा मी नगरपालिकेत अर्ज दिला: ५ टक्के दिव्यांग निधीतून आठवड्यातले दोन दिवस पालक समुपदेशनासाठी एक थेरपिस्ट आमच्याच गावात बसवावा, आणि हा खर्च एका वर्षापुरता न धरता पाच वर्षांसाठी धरावा. सोबत सोळा पालकांच्या सह्या आहेत. त्यातल्या अकरा जणींनी आपलं नाव पहिल्यांदाच कागदावर लिहिलं. आवक क्रमांकाची पोच माझ्याकडे आहे. अंदाजपत्रकाची सभा होण्याच्या आत प्रत्येक नगरसेवकाला त्याची एकेक प्रत घरी नेऊन द्यायची आहे. नऊ जणांना दिली, बाकीच्यांना या आठवड्यात.